उघड्या दाराची बदनामी

अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल मराठी माणसं बोलायला बसली आणि कम्युनिटी कॉलेजचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘जिथे मागेल त्याला प्रवेश मिळतो, ते कॉलेज कसलं?’ ठाण्या-पुण्यातल्या व्हिसा सल्लागाराच्या केबिनमध्ये ते ऐकू येतं, तसंच कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही. शाळा संपवून मुलगा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाणार असेल, तर नातेवाइकांना ते सांगताना आईवडिलांचा आवाज खाली येतो. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. अकरावीच्या कट-ऑफ याद्या बघत वाढलेल्या पिढ्यांचा हा पाठ झालेला हिशेब आहे. 95 टक्क्यांना बंद होणारं कॉलेज उत्तम, 60 टक्क्यांना मिळणारं सुमार, आणि टक्केच न विचारणारं कॉलेज मोजायचंही नाही.

हा हिशेब मुळातच चुकलेला आहे. कट-ऑफवरून आत येणाऱ्या मुलांचे गुण कळतात. आत गेल्यावर त्यांना काय शिकवलं जातं, किती कसून शिकवलं जातं आणि बाहेर पडताना त्यांना काय येतं, याबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही. तरीही या एका आकड्यावर भरवसा ठेवून माणसं वर्षाला हजारो डॉलर जास्त मोजतात. ज्यांच्याकडे ते पैसे नसतात ती शिकायचंच सोडून देतात. म्हणून या समजुतीला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

आधी प्रवेशाच्या अटी काय आहेत ते नीट पाहायला हवं. अमेरिकेत सुमारे एक हजार कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांतली 116 एकट्या कॅलिफोर्नियात. तिथला नियम असा: हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश. हायस्कूल पूर्ण केलं नसेल, पण वय 18 झालं असेल आणि शिकवलेल्याचा फायदा करून घेण्याची क्षमता असेल, तर त्यालाही प्रवेश. शाळेत शिकणाऱ्या मुलांनाही मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या संमतीने काही विषय घेता येतात. एसएटी ही प्रवेशपरीक्षा नाही, निबंध नाही, शिफारसपत्रं नाहीत. राज्यातल्या रहिवाशाला अर्जाचं शुल्कही नाही. शिकवणीची फी 2012 पासून एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला) 46 डॉलर आहे आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तीही माफ होते.

या अटी कोणाच्या ढिलाईतून आलेल्या नाहीत. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर हे त्याचे मुख्य शिल्पकार. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कक्षेत, वरचे एक तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या कक्षेत, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी. टीकाकार इथेच थांबतात. आराखड्याचा दुसरा अर्धा भाग मात्र पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता: कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं नीट केलेल्या विद्यार्थ्याला मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षात घ्यायचं. पहिल्या वर्षाला घेतलेल्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक बदली विद्यार्थी, असं धोरणच कॅलिफोर्निया विद्यापीठाने ठेवलं. म्हणजे निवड तिथेही आहेच. फक्त ती सतराव्या वर्षीच्या गुणांवर न होता दोन वर्षं कॉलेजचं काम करून दाखवल्यावर होते. कोणती निवड जास्त न्याय्य, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

ही कल्पना 1960 च्याही आधीची आहे. शिकागोजवळच्या जोलिएट गावात 1901 साली हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून पहिल्या दोन वर्षांचं कॉलेज गावातच सुरू केलं. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. घर सोडणं परवडत नाही म्हणून शिक्षण थांबू नये, एवढाच त्यामागचा विचार. आजच्या घडीला अमेरिकेतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी तिघांत एकाहून अधिक विद्यार्थी अशा कॉलेजांत आहेत.

आता दर्जाचा प्रश्न. सनीव्हेलशेजारच्या डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलस पूर्ण केलेला विद्यार्थी बर्कलीला गेला, तर त्याला कॅल्क्युलस पुन्हा करावं लागत नाही. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, याची अधिकृत नोंद ‘असिस्ट’ नावाने राज्याने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. बर्कलीचे प्राध्यापक दुबळा अभ्यासक्रम दयेपोटी मान्य करत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसनी तर लेखी हमी दिलेली आहे: ठरलेले विषय, ठरलेली गुणांची सरासरी आणि वेळेत केलेला अर्ज, एवढं असेल तर प्रवेश नक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत, पण बदली विद्यार्थी घेतात. 2010 च्या कायद्याने स्टेट विद्यापीठासाठीही असाच हमीचा रस्ता झाला.

अशा रीतीने पोचलेली मुलं पुढे टिकतात का? जॅक केंट कुक फाउंडेशनने 2019 च्या अहवालात निवडक, म्हणजे अवघड प्रवेशाच्या, विद्यापीठांतले विद्यार्थी तपासले. कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांचं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण थेट शाळेतून आलेल्यांइतकंच किंवा थोडं जास्त निघालं. पाया कच्चा असता तर तो तिथे उघडा पडला असता.

नर्सिंगचं उदाहरण याहूनही बोलकं आहे. कम्युनिटी कॉलेजात कोणीही जाऊ शकतं, पण तिथल्या नर्सिंगच्या वर्गात कोणीही जाऊ शकत नाही. आधी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसकट चांगल्या ग्रेडने पूर्ण करायचे. मग कॅलिफोर्नियातल्या बहुतेक कॉलेजांत टीईएएस ही परीक्षा द्यायची. त्यानंतरही जागा कमी आणि अर्जदार फार, म्हणून काही कॉलेजं गुणांकन करतात, काही पात्र ठरलेल्यांमध्ये चिठ्ठ्या टाकतात. पुढे दोन वर्षं रुग्णालयात उभं राहून शिकायचं आणि शेवटी एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा द्यायची. चार वर्षांची पदवी घेतलेली नर्स आणि कम्युनिटी कॉलेजची नर्स दोघीही हीच परीक्षा देतात. प्रश्न तेच, उत्तीर्ण होण्याची रेषाही तीच. अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता सलाइनचा वेग ठरवणाऱ्या बाईला कॉलेजचा प्रवेश सोपा मिळाला होता की अवघड, यावर रुग्णाचा जीव अवलंबून नसतो. ती काय शिकली, यावर असतो.

मोठी नावं सांगून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही, तरी दोन नोंदवायला हवीत. अमेरिकी अंतराळयानाची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेली. मानवी जनुकसंच उलगडण्याच्या शर्यतीतला क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये दाखल झाला. शाळेत त्याचे गुण वाईट होते. कट-ऑफच्या पद्धतीत हा माणूस शास्त्रज्ञ झाला नसता.

इथपर्यंत ऐकल्यावर जाणकार टीकाकार आपला सर्वांत बळकट मुद्दा काढतो आणि तो टाळून चालणार नाही. कोलंबिया विद्यापीठातलं कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्र वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, की कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांना चार वर्षांची पदवी हवी असते, पण साधारण एक तृतीयांशच विद्यापीठात बदली घेतात आणि सहा वर्षांत पदवीपर्यंत पोचतात ते जेमतेम 16 टक्के. आकडा खरा आहे आणि वाईट आहे. त्याला माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंनी झाकणाऱ्यांची बाजू घेण्याचं काही कारण नाही.

पण हा आकडा काय सिद्ध करतो? टीकाकार म्हणतो, नको त्यांना आत घेतल्याचा हा परिणाम. तसं असेल, तर त्याच प्रकारच्या विद्यार्थ्यांना, तेवढ्याच सोप्या प्रवेशाने आत घेऊन, फक्त आतली व्यवस्था बदलली तर निकाल बदलायला नको. हा प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. त्याबदल्यात फीमधली सरकारी मदतीनंतर उरलेली रक्कम माफ, पुस्तकांना मदत, बस-मेट्रोचा पास आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला, नियमित भेटणारा समुपदेशक. एमडीआरसी या संशोधन संस्थेने विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून तुलना केली. हे बहुतेक विद्यार्थी गरीब घरांतले होते आणि त्यांना गणितात किंवा इंग्रजीत पूरक वर्गांची गरज असल्याचं ठरलं होतं. तीन वर्षांत पदविका घेणारे नेहमीच्या गटात 22 टक्के निघाले आणि एसॅपच्या गटात 40 टक्के. न्यूयॉर्कचं वेगळं असेल म्हणून ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग झाला. तिथे 19 टक्क्यांचे 35 झाले.

विद्यार्थी तसेच, प्रवेशाच्या अटी त्याच, आणि निकाल जवळजवळ दुप्पट. याचा अर्थ 16 टक्क्यांचा दोष दारावर टाकता येत नाही. तो आतल्या दुष्काळावर टाकावा लागतो: एका समुपदेशकाच्या वाट्याला हजार-हजार विद्यार्थी, संध्याकाळी बंद होणाऱ्या कचेऱ्या, बसभाड्यावर अडणारी हजेरी.

सहा वर्षांची मोजपट्टीही तपासायला हवी. सिटी युनिव्हर्सिटीने 1970 साली, कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर, शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पदवीधराला प्रवेश द्यायला सुरुवात केली. तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं, की आता विद्यापीठ बुडालं. पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या समाजशास्त्रज्ञांनी त्या काळात दाखल झालेल्या स्त्रियांचा तीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला. ‘पासिंग द टॉर्च’ या 2007 च्या पुस्तकात त्यांचं उत्तर आहे: त्यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी कधी ना कधी पदवी किंवा पदविका मिळवली होती. मध्ये मुलं झाली, नोकऱ्या आल्या, पैसे संपले, पुन्हा जमले. सहाव्या वर्षी मोजणारा यांतल्या अनेकींना नापास धरून मोकळा झाला असता. कम्युनिटी कॉलेजातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, ही गोष्ट लक्षात घेतली तर हा हिशेब किती उतावीळ आहे ते कळतं.

मात्र दार उघडं आहे असं म्हणणाऱ्या कॉलेजांनाही एक खडा सवाल विचारायला हवा. अनेक दशकं हे दार फक्त बाहेरून उघडं होतं. प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याला एका संगणकासमोर बसवायचे. गणिताची आणि इंग्रजीची चाचणी. शाळा सोडून दहा वर्षं झालेली बाई अपूर्णांकांच्या बेरजा विसरलेली असायची, तयारी कर असं तिला कोणी सांगितलेलं नसायचं, आणि तासाभरात तिच्या पुढच्या दोन वर्षांचा निकाल लागायचा. निकाल काय? अंकगणित, मग पूर्वबीजगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक बीजगणित, आणि यांतल्या एकाही वर्गाचं युनिट पदवीत धरलं जाणार नाही.

ही साखळी कशी तुटते, ते कॅलिफोर्नियातल्याच दोन प्राध्यापिकांनी, केटी हर्न आणि मायरा स्नेल यांनी, साध्या गुणाकाराने दाखवलं. समजा, प्रत्येक पायरीवर चारांपैकी तीन विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गात नाव घालतात. तशी ही चांगलीच कामगिरी झाली. तरी चार पायऱ्या संपेपर्यंत शंभरातले 32 उरतात, आणि खरं कॉलेजचं गणित अजून सुरूही झालेलं नसतं. त्यातही वाईट गोष्ट अशी, की चाचणीच सदोष होती. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या 2012 च्या अभ्यासात गणितातल्या दर चौघांपैकी एकाला आणि इंग्रजीतल्या दर तिघांपैकी एकाला साफ चुकीच्या वर्गात टाकलं जात असल्याचं निघालं, आणि शाळेतले गुण या चाचणीपेक्षा बरा अंदाज देणारे ठरले. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘कंपास’ चाचणी तिच्या निर्मात्या संस्थेनेच 2016 मध्ये बंद केली.

2017 साली कॅलिफोर्नियाने एबी 705 हा कायदा करून ही आतली भिंत पाडायला सुरुवात केली. आता शाळेतल्या गुणांवरून वर्ग ठरतो आणि विद्यार्थ्याला एका वर्षात विद्यापीठात धरलं जाणारं गणित आणि इंग्रजी पूर्ण करता येईल अशी सोय कॉलेजला करावी लागते. यावर ‘दर्जा घसरवला’ अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांत कळकळीचे प्राध्यापकही आहेत. 2022 च्या पुढच्या कायद्याने विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांना लवकर कॅल्क्युलसकडे ढकललं जाईल, ही त्यांची भीती ऐकून घेण्यासारखी आहे आणि तिच्यावर उपाय निघायला हवा. पण उत्तर म्हणून जुनी चार पायऱ्यांची साखळी परत आणा म्हणणं म्हणजे ज्यात दोन तृतीयांश माणसं गळत होती ती यंत्रणा दर्जाच्या नावाने पुन्हा उभी करणं.

अर्जाची प्रक्रिया जवळून पाहिली तर ‘मागेल त्याला प्रवेश’ या शब्दांतला भाबडेपणाही कळतो. समजा, फ्रीमाँटमध्ये राहणारी एच-4, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या, व्हिसावरची एक मराठी बाई आहे. मुंबई विद्यापीठाची बीएससी, मुलगी आता शाळेत जायला लागलेली, नर्सिंगकडे जायचं मनात आहे. रात्री मुलगी झोपल्यावर ती लॅपटॉप उघडते. आधी राज्याच्या मध्यवर्ती अर्ज व्यवस्थेवर खातं काढायचं. मग सत्र निवडायचं, ध्येय निवडायचं, अभ्यासक्रम निवडायचा. इथवर सोपं. मग येतात रहिवासाचे प्रश्न: कॅलिफोर्नियात केव्हापासून राहता, व्हिसा कोणता, कर कोणत्या राज्यात भरला. वर्ग सुरू होण्याच्या आधी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचं आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं. एच-4 वर असलेल्यांना हा रहिवास सिद्ध करता येतो, पण अनेकींना ते माहीतच नसतं. ‘आपण परदेशी’ असं समजून त्या तसं लिहून टाकतात. एका चुकलेल्या तारखेने 46 डॉलरच्या युनिटचे शेकडो डॉलर होतात. मग भाडेकरार, वाहन परवाना, कराची कागदपत्रं घेऊन फेरविचाराचा अर्ज.

विद्यार्थी क्रमांकाची ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडते. ओरिएंटेशन पूर्ण करायचं, समुपदेशकाला भेटून शिक्षणाचा आराखडा करायचा. हे केलं तरच नावनोंदणीची आधीची तारीख मिळते, आणि शरीररचनेच्या प्रयोगशाळेतल्या जागा पहिल्याच दिवसांत संपतात. भारतातल्या विषयांना मान्यता हवी तर गुणपत्रिकांचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून आणायचं, आणि मूळ प्रती विद्यापीठाकडून मिळवायला मुंबईतल्या कोणाला तरी कलिन्याला चकरा माराव्या लागतात. जागा संपल्याच तर प्रतीक्षायादीत नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष जाऊन प्राध्यापकांकडे प्रवेशाचा कोड मागायचा. यादीतले अनेक जण येतच नाहीत, त्यामुळे धीर धरून बसलेल्याला बहुधा जागा मिळते. पण हे सांगणारं कोणी भेटावं लागतं. प्रवेश एका रात्रीत मिळतो. हव्या त्या विषयात जागा मिळायला वर्ष जाऊ शकतं.

ज्यांना सरकारी मदत मिळू शकते त्यांच्यासाठी फॅफ्सा नावाचा आणखी एक अर्ज असतो. 2024-25 साठीचा नवा, ‘सोपा’ केलेला फॅफ्सा दरवर्षीप्रमाणे ऑक्टोबरमध्ये न येता डिसेंबर 2023 च्या अखेरीस आला, आणि ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता ती मुलं तांत्रिक दोषामुळे कित्येक महिने अडकून पडली. टेनेसी राज्याने 2014 साली कम्युनिटी कॉलेजची फी भरण्याची योजना केली, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्वयंसेवक मार्गदर्शक जोडून दिला. कागद पुढे सरकवायला माणूस लागतो, हे त्या राज्याने ओळखलं.

उघड्या दाराचा गैरफायदा घेणारेही आहेत. चोरलेल्या ओळखींवर यंत्रांकरवी अर्ज भरायचे, ऑनलाइन वर्गात नाव घालायचं, मदतीची रक्कम खात्यात आली की नाहीसं व्हायचं, असा धंदा कोविडच्या साथीच्या काळापासून फोफावला. 2024 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात दर चार अर्जांपैकी एक अर्ज असा बनावट असल्याचा अंदाज होता. प्राध्यापकांचा वर्ग पहिल्या दिवशी भरलेला दिसतो, पहिला गृहपाठ अर्धा वर्गही देत नाही, आणि खरे विद्यार्थी तोवर प्रतीक्षायादीवर वाट पाहत असतात. यावर उपाय म्हणून अर्जाला शुल्क लावण्याची चर्चा 2025 मध्ये झाली. ओळखीची पडताळणी कडक करावी, त्यात गैर काही नाही. पण शुल्काचे दहा डॉलर टोळीला जड नसतात. ते जड जातात दोन नोकऱ्या करून रात्री अर्ज भरणाऱ्याला.

भारतातून थेट जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे सावधगिरीचा सल्ला योग्यच आहे. बारावीनंतर एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात जाता येतं. बारावीची गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा (तिची अट बहुतेक विद्यापीठांपेक्षा कमी असते), वर्षाचा खर्च भागेल इतके पैसे बँकेत असल्याचा पुरावा, मग कॉलेजकडून आय-20 हा व्हिसासाठीचा दाखला, सेव्हिस या विद्यार्थी-नोंद व्यवस्थेचे 350 डॉलर आणि वाणिज्य दूतावासातली मुलाखत. दर सत्राला पूर्णवेळ, म्हणजे किमान 12 युनिटं घ्यावी लागतात. फी रहिवाशापेक्षा कितीतरी पट असते, तरीही चार वर्षांच्या बहुतेक विद्यापीठांपेक्षा पुष्कळ कमी. मुलाखतीत ‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न येतो. कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विषयात, कोणत्या बदलीच्या रस्त्याने जायचं हे ज्या मुलाला नीट सांगता येत नाही, त्याने घाई करू नये. पण पुष्कळ सल्लागार कम्युनिटी कॉलेजांची नावं सांगतच नाहीत, आणि त्याचं कारण दर्जा हे नाही. अनेकांना कमिशन देणारी विद्यापीठं वेगळी असतात. पालकांनी हे तोंडावर विचारावं.

ज्या भाषेत हा तुच्छतेचा सूर उमटतो, त्या भाषेचा स्वतःचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. वरच्या थरांना शिकवा, ज्ञान खाली झिरपेल, या सरकारी धोरणाविरुद्ध जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती ज्यांना कोणी घेत नव्हतं त्यांच्यासाठी, आणि मुलांनी काम करून शिकावं ही सोय केली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून गृहिणी, पोलीस, शेतकरी आणि कंडक्टर यांना पदवीपर्यंत नेलं. या संस्थांनी आत यायला टक्के मागितले असते तर आजचे अनेक मराठी डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि अमेरिकेतले अभियंतेही त्यांच्या घरातले पहिले पदवीधर झाले नसते. त्या घरांतल्या माणसांनी कम्युनिटी कॉलेजचं नाव घेताना आवाज खाली आणावा, हे मनाला लागतं.

ज्याला तिथे अर्ज करायचा आहे त्याने कट-ऑफ शोधण्यात वेळ घालवू नये; ती नाहीच. कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षात विद्यापीठाच्या पातळीचं गणित आणि इंग्रजी किती विद्यार्थी पूर्ण करतात? एका समुपदेशकाकडे किती विद्यार्थी आहेत, आणि तो संध्याकाळी भेटतो का? आपल्या विषयातून दरवर्षी कोणत्या विद्यापीठात किती जण जातात? यांतली बरीच आकडेवारी सार्वजनिक आहे आणि दोन शेजारच्या कॉलेजांतही तिच्यात मोठा फरक दिसतो. बे एरियातल्या आणि न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळांना एखादा शनिवार देऊन रहिवासाचे प्रश्न, गुणपत्रिकांचं मूल्यांकन आणि फॅफ्सा यांत नवख्यांना मदत करणं सहज जमण्यासारखं आहे. शरद सत्राचा अर्ज बहुतेक कॉलेजं ऑगस्टपर्यंत घेतात, पण नोंदणी एप्रिल-मेपासूनच सुरू होते, आणि प्रयोगशाळेचे विषय जूनमध्ये भरलेले असतात.